हयातचं मयत

मामी फोनवर म्हणाली, "तुझा मामा गेला रे," तेव्हा मला वाटलं, कुणीतरी मामीचा आवाज काढून राहिलंय. असले फोन करायची खोड माझीच ना... कधी मास्तर होऊन, कधी सरपंच होऊन. मग मागून बायांचं रडणं ऐकू आलं.

त्याला दीड महिना झाला. अर्धापूरजवळ मामाची दोन एकर केळी. मी नवा आवाज बसवला की आधी मामाला ऐकवायचो. मामा हसला की पास. त्याचाच काढला की मात्र खोटं खोटं चिडायचा, "अय बहुरूप्या, मी असा बोलतो व्हय?" असाच बोलायचा. गालात तंबाखू, अन् निम्मे शब्द नाकातून.

लॉकडाऊनमधी मी त्याच्याकडंच अडकलो होतो. व्यापारी येईनात, केळी झाडावरच पिकून गळायला लागली. सरकार शेतकऱ्यांच्या खात्यावर मदत टाकणार म्हणून मामा त्या पैशाची वाट बघत होता. एके दिवशी तो रानात गेलेला, मोबाईल घरी. मदतीची यादी तपासायला तहसील ऑफिसातून फोन आला. मी जीभ गालात कोंबली अन् मामा झालो. मामी तोंडाला पदर लावून हसत होती. तिकडून विचारलं, शेतकरी हयात आहे का? मी नाकातून म्हणलं, "हयात हाय की." ते हयात नाकातच अडकलं. त्या माणसाला मयत ऐकू आलं, त्यानं तसंच लिहून टाकलं.

गावात सगळ्यांचे पैसे आले, मामाचे न्हाई. ऑफिसात जाऊन आला अन् ओसरीवर बसला. म्हणला, "मी मेलोय म्हणं. फोनवर तसं सांगितलं म्हणतेत." माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. तेव्हाच सांगायचं होतं मला... पण मी काय केलं, तर साहेबाचा आवाज काढला, "मयत इसमानं स्वतः हजर राहावं." मामा लई हसला. मग मीपण हसलो.

जिवंत असल्याचं पटवायला त्याचे सात-आठ महिने गेले. तोवर मामीची शेळी विकावी लागली. बाटलीनं दूध पाजून वाढवलेली होती तिनं. मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो...

मागच्या आठवड्यात शेत मामीच्या नावावर करायला तिला घेऊन त्याच ऑफिसात गेलो. कारकुनानं जुनी फाईल काढली. त्यात मामानं जिवंत असल्याचा केलेला अर्ज होता, त्याच्याच वाकड्या अक्षरात. मामीला वाचता येत न्हाई. म्हणली, "काय लिव्हलंय? वाच की."

मी वाचायला लागलो. सगळे शब्द नाकातून यायला लागले. खरंच सांगतो, मी काढला न्हाई तो आवाज, आपसूक आला. "फोनवर मी स्वतः बोललो होतो. तोंडात तंबाखू असल्याने शब्द नीट निघाला नाही. यात दुसऱ्या कोणाची चूक नाही."

मामीनं माझ्याकडं बघितलं.

"त्या दिवशी ते तर रानात होते," ती म्हणली.

कारकून फाईल मागायला लागला तर तिनं हातानंच त्याला थांबवलं.

"आणखीन एकदा वाच," मामी म्हणली. "तसंच."