बुवापाड्यात लागू असलेली जागतिक आचारसंहिता

तक्रारीचा विषय : माझे थोरले साडू, सेवानिवृत्त फिटर, राहणार बुवापाडा, अंबरनाथ. घटनेचा काळ : गेल्या लोकसभेपासून आजतागायत. साक्षीदार : एक, त्यांची पत्नी, म्हणजे माझी मेहुणी, दोन, त्यांची एकुलती कन्या प्रणाली, तीन, उल्हासनगरात कचेरीबाहेर माझ्या टेबलाशेजारी पापड विकणारे सिंधी दादा. तक्रारदार : मी स्वतः, अर्जलेखक, ज्याच्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून परत करण्याचे धाडस अद्याप कोणत्याही साहेबाने केलेले नाही.

पृथ्वीच्या पाठीवर कोठेही मतदान झाले आणि त्याचा उपद्रव बुवापाड्यास पोहोचला नाही, असे आजवर घडलेले नाही. वास्तविक साडूंजवळ पासपोर्ट नाही; वांगणीच्या पलीकडे जाताना ते पोळीभाजीचा डबा आणि टॉर्च सोबत घेतात. तथापि कॅनडात त्यांच्या पसंतीचा पक्ष पडला, तेव्हा त्यांनी आठवडाभर दाढी केली नाही. ब्रिटनचा निकाल मनासारखा लागला, तेव्हा चाळभर पेढे वाटले आणि शेजारणी "कोण पास झालं?" म्हणून विचारत आल्या. फ्रान्समध्ये मतदान दोन फेऱ्यांत होते हे समजल्यापासून ते पेढा अर्धाच देतात. उरलेला अर्धा दुसऱ्या फेरीनंतर. अमेरिकेची मतमोजणी सुरू असता ते माझ्या टेबलाशी येऊन "टपालाची मतं आधी मोजा म्हणावं त्यांना!" असे ओरडले, तेव्हा पापडवाले दादा म्हणाले, "साईं, उधर तेरा कौन खडा है?"

"तत्त्व उभं आहे, दादा, तत्त्व!"

"तो तत्त्व को बोल, जरा बाजू में खडा रहे. गिराईक आ रहा है."

हे सर्व सोसण्याजोगे होते. परंतु आपल्याकडे निवडणूक लागली की आचारसंहिता लागते, नव्या कामाची घोषणा होत नाही, नारळ फुटत नाही. ही पद्धत साडूंनी स्वगृही लागू केली, आणि तीही सर्व देशांकरिता. न्हाणीघराचा नळ गळू लागला. मेहुणीने प्लंबर आणला, तर साडू दारात आडवे. "जर्मनीत आचारसंहिता आहे."

"मग जर्मनीचा नळ नका दुरुस्त करू! हा माझाय!"

जर्मनी आटोपली तोवर नॉर्वे लागले होते. नळ गळतच राहिला.

अशात प्रणालीला बदलापूरहून मागणी आली. मुलगा निखिल, जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात नोकरीस, निर्व्यसनी, बोलण्यास गोड. साडूंना मुलगा पसंत होता. हरकत केवळ घोषणेस होती. साखरपुडा एकदा पोलंडमुळे पुढे गेला, एकदा ऑस्ट्रेलियामुळे, आणि एकदा अशा एका बेटामुळे, की जे नकाशात आम्हा कोणास सापडले नाही. अखेर मुलाकडून निरोप आला, की या महिन्यात ठरवा, अन्यथा आम्हास दुसरी स्थळे पाहावी लागतील. मेहुणी डोळ्यांस पदर लावून माझ्याकडे आली. मी रविवारी बुवापाड्यास जाऊन साडूंपुढे कायद्याची भाषा मुक्तहस्ते वापरली. उपयोग शून्य. "नियम म्हणजे नियम, भाऊ. तुम्हीच असं बोलायला लागलात तर कसं?"

तेव्हा प्रणाली स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बाबा, आचारसंहितेत आधीपासून चालू असलेलं काम थांबवतात का?"

"छे! चालू काम चालूच राहतं. नवीन काढायचं नाही, एवढंच."

"मग हे चालू काम आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून."

मेहुणीच्या हातातील उलथणे खाली पडले. मी छताकडे पाहिले. साडूंच्या चेहऱ्यावर अनेक सरकारे आली आणि गेली. मग त्यांनी विचारले, "भूमिपूजन कुठं झालं?"

"शिवमंदिराच्या मागं. नदीकाठी."

साडू माझ्याकडे वळले. "भाऊ, कायद्यात बसतं का हे?"

मी डोळे मिटून, आवाज खाली आणून म्हणालो, "बसतं."

"मग अडवता येणार नाही," ते म्हणाले, आणि इस्त्रीचा सदरा शोधावयास आत गेले.

लग्न थाटात झाले. मात्र त्यानंतर जे घडले, त्यासाठी हा अर्ज आहे. टीव्हीसमोर साडूंच्या शेजारी बसून कोणता देश कोठे आहे हे मोबाईलवर दाखविणारी प्रणालीच होती; पेढ्याचा दुसरा अर्धा तुकडाही तिचाच असे. परवा कोणत्याशा देशात सरकार कोसळले म्हणून मी तातडीने बुवापाड्यास गेलो. टीव्ही बंद. साडू खिडकीशी.

"कोण येईल आता?" मी विचारले.

"कोणीही येवो, भाऊ. प्रणाली येणार होती आज. नाही जमलं म्हणाली."

सबब जगातील सर्व राष्ट्रप्रमुखांस नम्र विनंती, की आपणांपैकी कोणीही एकाने, देश लहान असला तरी चालेल, चुरशीची निवडणूक विनाविलंब जाहीर करावी आणि तसे साडूंना परस्पर कळवावे. ते दिवसभर घरीच असतात. उत्तराची वाट पाहत आहोत.