सगळ्यांना सारखं

'विज्ञान कोणाचाही पक्षपात करत नाही' असं आमच्या शेळी संशोधन केंद्राच्या दर्शनी भिंतीवर हातभर उंच अक्षरांत रंगवलेलं आहे. याच भिंतीमागच्या गोठ्यात पंधरा शेळ्यांना मुद्दाम चांगलं आणि पंधरांना मुद्दाम साधं खायला घालायचं, यासाठी सरकारनं आम्हाला नेमलं होतं.

शेळ्यांना खायला घालणारे, म्हणजे आबा, हे वाक्य कधी वाचत नसत. ते सकाळी येत, चपला काढत आणि तीसही शेळ्यांचे कान एकेक करून चिमटीत धरून पाहत. ऊब नीट लागली की पुढची शेळी. गार लागला की जागीच उकिडवे बसत आणि म्हणत, "कान थंडा शे." मग डॉक्टर मॅडमना बोलावणं जाई. आमच्याकडे चांगला तापमापक होता, पण तो आबांनंतर लावायचा, अशी न लिहिलेली पद्धत पडली होती.

आबा शिरपूरकडचे. रोजंदारीवर. दर सहा महिन्यांनी मॅडमच्या सहीवर त्यांचं काम पुढे चाले. मी तिथला सहायक. पिंप्राळ्याहून स्कूटरवर जायचो आणि शेळ्यांची वजनं घ्यायचो. कामाच्या मानानं माझ्या चेहऱ्यावर गांभीर्य जास्त असे.

प्रयोग सोपा होता. केळीचा घड उतरला की उरलेला खांब शेतकरी बांधावर कुजत टाकतात. मॅडमनी त्याचा मुरघास केला होता. तुकडे करून, गुळाचं पाणी शिंपडून, पिंपात दाबून मुरवलेला. कानात पिवळा बिल्ला असलेल्या शेळ्यांना हा मुरघास द्यायचा, निळ्या बिल्ल्याच्यांना नुसती कडब्याची कुट्टी. पिवळ्यांचं वजन जास्त वाढलं की जिंकलो.

पहिल्याच दिवशी आबांनी विचारलं, "निळास्ना काय गुन्हा?"

मॅडमनी समजावलं. तुलना करायची तर दोन गट वेगळे ठेवावेच लागतात. आबांनी मान हलवली. तिचा अर्थ 'समजलं' असा आम्ही लावला. शिकलेल्या माणसांची ही जुनी सवय आहे.

दोन महिने झाले आणि दोन्ही गटांची वजनं जवळपास सारखी आली. मी काटा तपासून घेतला, शेळ्या पुन्हा चढवल्या. तेच. मॅडमचं जेवणावरून मन उडालं. पंधरा दिवसांनी आढावा समिती यायची होती. फरक नाही म्हणजे योजना बंद, आणि योजना बंद म्हणजे तीसही शेळ्या बाजारात. खाटकाला बिल्ल्याच्या रंगाशी काही कर्तव्य नसतं.

आबा मात्र खूश होते. "बठ्ठ्या सारख्या," सगळ्या सारख्या, असं ते मला दोनदा म्हणाले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी वजनाची वही न्यायला गोठ्यात परत आलो. आबा पिवळ्यांच्या गव्हाणीतून घमेलंभर मुरघास उचलून निळ्यांपुढे टाकत होते. प्रत्येकीपुढे मूठ मूठ, वाढप्यानं पंगतीत वाढावं तसं.

"आबा, हे काय करता?"

ते दचकले नाहीत. "एक मांडवमा एकले बट्टी नि दुसराले नुसतं वरण? पाप शे, भाऊ. पंगत म्हंजे पंगत."

"कधीपासून?"

"पहिला दिनपाईन."

समिती, योजना, बाजार, सगळं मी त्यांना सांगितलं. घमेलं त्यांच्या हातातच राहिलं. पुढचे तीन दिवस आमच्यात बोलणं झालं नाही. मी सांगावं तर आबांच्या कागदावरची मॅडमची सही थांबणार, न सांगावं तर खोटा निष्कर्ष छापून येणार. केळीचा खांब शेळीच्या अंगी लागत नाही, असं लोक आमच्या भरवशावर मानून बसतील. रोज सकाळी मी मॅडमच्या दारापर्यंत जायचो आणि पेन विसरल्यासारखा परत फिरायचो.

चौथ्या दिवशी कानांची फेरी संपवून आबा माझ्यापाशी आले. हात पुढे करून त्यांनी माझा कान चिमटीत धरला.

"थंडा शे," ते म्हणाले. "जेवना नही का?"

आणि ते थेट मॅडमच्या खोलीत गेले. मीही मागोमाग गेलो.

"निळास्लेबी मीच दिधं, मॅडम. भाऊना काही दोष नही."

मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी कोरा कागद ओढला आणि मधोमध रेघ मारली. "आबा, दोन महिने पिवळ्यांना, मग दोन महिने निळ्यांना मुरघास दिला तर?"

"पाळी पाळीनी?"

"पाळीपाळीनं."

आबांनी विचार केला. "मंग चालस. पंगत लांबी, पन उपाशी कोनी नही."

समितीपुढे मॅडमनी झालं ते सगळं सांगितलं. आमचे संचालक साहेब छताकडे पाहत राहिले. समितीतले एक वयस्कर डॉक्टर म्हणाले, अदलाबदलीची ही रीत पहिल्यापासूनच घ्यायला हवी होती. मुदत वाढली. आबांच्या कागदावरही सही झाली. पुढे फरक निघाला. थोडा, पण दोन्ही पाळ्यांना निघाला.

आबा थकले, तेव्हा साहेबांनी निरोप समारंभ ठरवला. निःपक्षपाती विज्ञानावर ते पाऊण तास बोलले. शाल घेऊन आबा गोठ्याकडे गेले ते जेवणाच्या वेळी परत आले. अंगणात, त्या रंगवलेल्या वाक्याखाली, पंगत मांडली होती आणि साहेबांसाठी कडेला टेबल-खुर्ची. आबांनी खुर्ची उचलून भिंतीला लावली. "साहेब, पंगत म्हंजे पंगत."

साहेब खाली बसले. आबांनी सगळ्यांना सारखं वाढलं.

आता कान मी पाहतो. मला ऊब नीट कळत नाही, म्हणून तापमापक लावतो. आबा गावी असतात. मॅडमचा लेख छापून आला, त्यात साहेबांचे आभार आहेत.

त्या पंगतीत जेवण झाल्यावर साहेबांना जमिनीवरून उठवायला दोघं लागले. त्यांतला एक मी होतो.