कार्डाच्या पंख्यावरचं कुंकू

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, आईला नाही, आणि ज्या दोघांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या सकाळी जिन्यात समोर येणार नाही. म्हणजे बघा — कबुली द्यायची तर तीसुद्धा सोयीची जागा शोधून. माझा सगळा स्वभावच असा आहे.

मी चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. वायरमन म्हणा, इलेक्ट्रिशियन म्हणा. सोलापुरात आमच्या गल्लीत कुणाच्या घरात ठिणगी उडाली तरी मला हाक येते. कारखान्यात पॅनेलमधला एखादा जोड नुसता कोमट लागला तरी मी लाइन बंद करून तो उघडतो, सुपरवायझर बोंबलला तरी ऐकत नाही. सांगायचं एवढंच की मला कळत होतं. जे झालं ते अज्ञानातून झालं असं नंतर कधी तुमच्या मनात आलं, तर ते काढून टाका. मला सगळं कळत होतं.

माझा धाकटा भाऊ महेश लग्नाचं शूटिंग करतो. घर एकच — खाली तो, त्याची बायको सुवर्णा आणि आई, वर आम्ही. शूटिंग तो करायचा, पण व्हिडिओ कापायचं, जोडायचं, रंग सारखे करायचं काम हळूहळू सुवर्णाकडे गेलं होतं. ती अक्कलकोटकडची. लग्न होऊन आली तेव्हा बोलता बोलता मधेच कानडीत शिरायची आणि लाजून थांबायची. कॉम्प्युटर तिला कुणी शिकवला नाही. दुपारची भांडी आवरली की ती महेशच्या खुर्चीत बसायची आणि मोबाईलवर बघून बघून शिकायची. वर्षभरात अशी तयार झाली की गिऱ्हाईकं महेशला विचारायला लागली, एडिटिंग कुणाकडून करून घेतलं? महेश अभिमानानं सांगायचा, घरातच होतं म्हणून.

मला ते आवडत होतं का? आता खरंच बोलायचं ठरवलंय तर — नव्हतं आवडत. का, ते विचारू नका. घरात तांत्रिक म्हणून जे काही असेल ते माझं, अशी माझी समजूत होती. फ्यूज माझा, मोटर माझी, इन्व्हर्टर माझा. आणि ही कालची पोरगी जेवताना महेशशी कसल्या कसल्या कार्डांबद्दल बोलायची आणि मी ताटात बघत आमटी ओरपायचो.

तर महेशनं नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं. मोठं, तीन पंख्यांचं, हातात घेतलं तर विटेसारखं जड. ते जुन्या पॉवर सप्लायवर चालणार नव्हतं. पॉवर सप्लाय म्हणजे कॅबिनेटच्या तळाशी तो लोखंडी डबा असतो ना, घरातली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटणारा — तो. नवा आणायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. आणि त्याच दिवशी जेवायला वाढता वाढता सुवर्णा मला म्हणाली, "भावजी, कार्डापेक्षा सप्लाय महत्त्वाचा हाय म्हणे. सगळे सांगालालेत की, हलका घेऊ नका म्हणून." तिनं एक नावही सांगितलं, अमुक कंपनीचा बघा म्हणून.

एवढंच बोलली होती. आवाजात आगाऊपणा नव्हता, शहाणपणा मिरवणं नव्हतं. मी भाकरी मोडता मोडता म्हणालो, "कारखान्यात चारशे चाळीस व्होल्ट हाताळतो मी. मोबाईल बघून मला लाइट शिकवू नको." आई हसली. महेशही हसला. सुवर्णा आत गेली आणि ताक घेऊन आली.

त्या क्षणी ठरलं होतं की तिनं सांगितलेला सप्लाय काही येणार नाही. पैशाचा प्रश्न नव्हता, महेशनं हात आखडला नव्हता. प्रश्न माझ्या नाकाचा होता. मी बाजारातला सगळ्यात हलका डबा उचलला. वर भलामोठा वॅटचा आकडा छापलेला आणि हातात घेतला तर रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा. आमच्या कारखान्यात असला माल कुणी आणला असता तर मी गेटवरूनच परत पाठवला असता. त्याला कार्डाची वायरसुद्धा नव्हती. मग हार्ड डिस्कच्या दोन बारक्या वायरींना एक जोड लावला आणि तो कार्डाला ठोकून दिला. ज्या वायरीतून चिमूटभर करंट जायचा, तिच्यावर मी सगळा भार टाकला. हे मी केलं. कोमट जोडासाठी लाइन बंद करणाऱ्यानं.

चाललं. कार्डाचे दिवे लागले, महेशनं पेढे आणले. मी सुवर्णाकडे बघून म्हणालो, "चाललं की नाही?" ती म्हणाली, "व्हय भावजी, चाललं." खरोखर खूश होती.

थोड्या दिवसांत मशीन मधेच बंद पडायला लागलं. काम जड झालं की बंद. सुवर्णानं मला जिन्यात गाठून सांगितलं — साधं काही केलं तर चालतंय, पण तुकडे जोडून व्हिडिओ पक्का करायला लावला की पडतंय, मागून वासही येतोय जरासा. यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगायचं असतं? पेशंटनं नाडी काढून डॉक्टरच्या हातात द्यावी तसं सांगितलं तिनं. मी म्हणालो, मागच्या गल्लीतला यंत्रमागाचा शेड सुरू झाला की आपल्याकडचं व्होल्टेज पडतं, त्यानं होतंय ते. सोलापुरात हे उत्तर कुणालाही पटतं. तिलाही पटलं असावं, किंवा नसावं. ती पुन्हा बोलली नाही.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा — मागवाला मागाची करतो, रिक्षावाला रिक्षाची, मी माझ्या पक्कड-टेस्टरची. सुवर्णानं कॉम्प्युटरची केली. स्विच बंद केला, कोरड्या फडक्यानं पुसलं, कॅबिनेटच्या काचेवर बोटभर हळदीकुंकू लावलं, मॉनिटरला झेंडूची छोटी माळ घातली. नारळ बाहेर उंबऱ्याजवळ फोडला, मशीनजवळ पाण्याचा थेंब नेला नाही. मी दारात उभा राहून हे सगळं बघितलं होतं. म्हणून म्हणतो, मला कळत होतं.

दुपारी महेशनं एका लग्नाचा व्हिडिओ पक्का करायला लावला. कुर्डुवाडीचं कुटुंब होतं, एकुलत्या एक मुलीचं लग्न. फट्ट आवाज झाला, घरातला एमसीबी पडून सगळी लाइट गेली आणि खालच्या खोलीत जळका वास भरला. मला हाक आली. मी सगळ्यांना बाहेर काढलं — करंट आहे, कुणी आत येऊ नका, म्हणालो — आणि दार लोटून घेतलं.

करंट कसला? एमसीबी पडलेला होता.

काच काढली. डब्यातून धूर येत होता. मी लावलेला तो जोड वितळून कार्डाच्या पिनांना चिकटला होता. डबा उघडला तर आतले कपॅसिटर फुगून फुटलेले. जाताना त्यानं कार्ड नेलं, डिस्क नेली आणि डिस्कवरचं ते लग्न नेलं. यात शंकेला जागाच नव्हती. पहिलीतल्या पोरालासुद्धा दिसलं असतं की आग कुठून लागली. आणि माझ्या डोक्यात पहिला विचार कोणता आला असेल? कार्डाचा नाही, महेशचा नाही, त्या लग्नाचा तर नाहीच. पहिला विचार आला — तिचं खरं ठरलं.

आता सांगतो. इतका वेळ इकडून तिकडून फिरतोय तो यासाठीच.

काढलेली काच माझ्या मांडीवर होती. तिच्यावर सुवर्णानं लावलेलं कुंकू होतं, कोरडं, नीट. माझं बोट घामानं ओलं होतं. मी त्या बोटानं ते कुंकू उचललं आणि कार्डाच्या मधल्या पंख्याच्या पात्याला आतून लावलं. मग थोडं वरच्या जाळीला. मग थोडं पिनांजवळ. घाई केली नाही. पॅनेलमध्ये खुणेची पट्टी चिकटवतो तसं जागच्या जागी लावलं. वितळलेला जोड पक्कडीनं तोडून खिशात घातला. डबा काढून रद्दीच्या पिशवीत टाकला. मग दार उघडलं आणि महेशला म्हणालो, ये, बघ.

"कुंकू गेलंय आत. ओलं होतं. शॉर्ट झालं."

मी तिचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज होती का? कुंकू कुणी लावलं होतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आई कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई, यंत्राला ओलं कुंकू लावतंय का कुणी?" सुवर्णा म्हणाली, "ओलं नव्हतं ओ. कोरडं लावलंय मी, स्विच बंद करून." तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्याकडेच, कारण मी दारात होतो, मी बघितलं होतं. भावजी सांगतील, असं तिला वाटलं असणार. मी वायर गुंडाळत राहिलो. मग महेश जे बोलला ते मी लिहिणार नाही. तो तसा बोलणारा माणूस नाही, पण त्या दिवशी बोलला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि कानडीत तेच तेच म्हणत राहिली — नानेनू माडिल्ला, नानेनू माडिल्ला. म्हणजे, मी काही केलं नाही. आमच्या घरात कानडी सगळ्यांना कळतं.

कुर्डुवाडीहून मुलीचे वडील आले. भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. आमच्या बैठकीत बसून त्यांनी फक्त विचारलं, पाठवणीचं तरी काही मिळेल का हो? महेश नाही म्हणाला. आणि माझ्या आईनं त्यांना सांगितलं — सूनबाईच्या हातनं चूक झाली. सुवर्णा चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होती. चुकीची माफी तिनं मागितली. हात जोडून, परक्या माणसाची, माझ्या चुकीची. मी बिस्कीट खात होतो.

राग येतो हे लिहिताना. पण कुणावर राग धरू? आईवर? तिला थोरल्या मुलानं सांगितलेलं खरं वाटलं. महेशवर? त्याला पुरावा दाखवला होता मी. त्या डबा बनवणाऱ्यावर राग काढून बघितला, काही दिवस जमलंही. ज्याला पत्र्यात हवा भरून विकायला लाज वाटत नाही, त्याला शिव्या घालणं सोपं असतं. पण डब्यानं कुंकू लावलं नव्हतं.

पुढचं ऐका, म्हणजे मी काय चीज आहे ते नीट कळेल. पिशवीतला डबा मी कारखान्याच्या भंगारात टाकला. महेशनं हप्त्यावर दुसरं कार्ड घेतलं आणि त्याला मी नवा सप्लाय आणला — सुवर्णानं सांगितला होता तोच. नाव माझ्या लक्षात होतं. तो आजही चालतोय. महेश येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, दादानं बसवल्यापासून एकदा बंद पडलं नाही. मी मान हलवतो.

सुवर्णा त्या खोलीत काम करत नाही. तिला कुणी बंदी घातली असं नाही, तसलं आमचं घर नाही. महेशच एकदा म्हणाला, जाऊ दे, तू नको, मी बघतो. आणि ती नको झाली. दिवाळी करून माहेराहून परत आली ती थेट स्वयंपाकघरात गेली. आता महेश एडिटिंग बाहेर देतो. गिऱ्हाईकं पूर्वीसारखं विचारत नाहीत, कुणाकडून करून घेतलं म्हणून. तिच्या हातात एक कसब होतं, तिनं स्वतः, कुणाचं काही न घेता मिळवलेलं. ते मी पुसून टाकलं. का? जेवताना एक वाक्य बरोबर बोलली म्हणून.

यानंतर बरं वागून फेडता येतं, असं मला काही वर्षं वाटायचं. तिच्या गॅसची शेगडी दुरुस्त करून दिली, दिवाळीला बायकोला साडी घेताना तिच्यासाठीही घेतली. ती म्हणते, भावजी लई करतात घरासाठी. ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माझा, माझ्यावर. आणि तरी तोंड उघडत नाही. आई थकली आहे, महेशचा माझ्यावर जीव आहे, घर फुटेल — ही सगळी कारणं मी पाठ केली आहेत. एकही खरं नाही. मला भीती वाटते की ती माझ्याकडे तशीच बघेल, जशी त्या दुपारी दारात बघत होती, फक्त या वेळी तिला कळलेलं असेल.

गेल्या आठवड्यात मी खाली चहाला गेलो होतो. महेशला त्यानंतर झालेली मुलगी आता तिसरीत आहे. शाळेत दाखवायला ती कॉम्प्युटरवर एक छोटा व्हिडिओ करत होती, फोटो आणि मागं गाणं. गाणं आणि फोटो जुळेनात, ती रडकुंडीला आली. सुवर्णा दारात येऊन बघत होती. मला दिसत होतं की तिला उत्तर माहीत आहे. तिचा हात आपोआप पुढे झाला, माऊसच्या दिशेनं, खुर्चीच्या पाठीपर्यंत आला. मुलगी न वळताच म्हणाली, "आई, तू नको हात लावू. तुझ्या हातानं जळतंय. काकाला सांग."

सुवर्णानं हात मागे घेतला. पदराला पुसला, कोरडा असून. मग बाजूला सरकून तिनं मला वाट करून दिली, आणि मी जाऊन त्या खुर्चीत बसलो.