चार तासांची लस

आमच्या उपकेंद्राच्या नर्स भामाबाई शिस्तीच्या फार कडक. मी तिथला आरोग्यसेवक. माझी नोंदवही जरा गिचमिड दिसली की मला धारेवर धरायच्या.

शहाण्णव सालची दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. त्या दिवशीचं लसीकरण सकाळीच आटोपलं होतं. संध्याकाळी ट्रक भरत असताना भामाबाई गोवरच्या लसीची उरलेली बाटली घेऊन तिथं धावल्या. टोळीतली तीन लेकरं राहिली होती आणि आता ती सहा महिन्यांनीच परतणार होती. तिघांनाही टोचलं. दुसऱ्या दिवशी माजलगावजवळच्या ऊसतोडीच्या तळावर त्यांतला एक, शहादेव-पंचशीला या मजूर जोडप्याचा दहा महिन्यांचा मुलगा, दगावला.

जिल्हा परिषदेच्या निवडणुका तोंडावर आलेल्या. विरोधकांनी मोर्चा काढला, म्हणे सरकारी लस विषारी. आया लेकरं लपवू लागल्या. सत्तेतला पुढारी केंद्रावर येऊन म्हणाला, "बाई, पोरगं आधीच आजारी व्हतं, असं लिव्हा. तुमाला कुनी हात लावनार न्हाई." मेलेल्या लेकरावरून मतांचा हिशेब मांडणाऱ्या या दोन्ही बाजूंचा मला आजसुद्धा संताप येतो.

भामाबाईंनी काहीच लिहिलं नाही. वही घेऊन त्या घरोघर फिरल्या, मी सोबत. त्याच बाटलीतून सकाळी टोचलेली सातही मुलं ठणठणीत होती. मग एसटीनं तळावर गेलो. संध्याकाळी टोचलेली दुसरी दोन लेकरं उलट्या-जुलाबांतून कशीबशी वाचली होती. ते ऐकून भामाबाईंनी वही उघडून बाटली कालवल्याची वेळ पाहिली. लस पाण्यात कालवली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकून द्यायची, नाहीतर तिच्यात जंतू वाढतात, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"लस चांगली व्हती. म्याच शिळी टोचली," त्या पंचशीलाला म्हणाल्या. ती आपल्या पाचटाच्या कोपीत निघून गेली.

परतताना त्यांनी हे सगळं अहवालात लिहिणार असल्याचं सांगितलं. मी म्हणालो, "बाई, हे काहून लिव्हता? नोकरी जाईल."

"न्हाई लिव्हलं तर लोक लसच बंद करतील. मग गोवरनं किती जातील?"

अहवालात त्यांनी आपली चूक वेळेसकट लिहिली. वर्षभर निलंबित राहिल्या. मोर्चे मात्र थांबले, आया पुन्हा येऊ लागल्या.

भामाबाई परत रुजू झाल्यावर एके दिवशी पंचशीला धाकट्या मुलीला घेऊन आली. भामाबाईंनी सुई उचलली आणि परत खाली ठेवली. मी हळूच विचारलं, "दुसऱ्या नर्सला बोलावू का?"

"न्हाई," पंचशीला म्हणाली. "बाईच टोचतील. त्यांच्या हातून आता कवाच चुकनार न्हाई."

भामाबाईंनी तिच्यासमोर नवी बाटली फोडली आणि घड्याळात पाहिलं.