रोहिणीशेजारची पांढरी चांदणी

तारांगणातल्या काळ्या पडद्याआड अक्का चहाचा पेला घेऊन उभी होती, आणि पलीकडे साहेबांची नि भावोजींची जुंपली होती. तीही एका चांदणीवरून. कुणी मास्तर मुलांना घेऊन खेळ पाहून गेले आणि म्हणाले, रोहिणीशेजारच्या झुबक्यातली पांढरी चांदणी तुमच्याकडे दिसत नाही. खऱ्या आकाशात तर नुसत्या डोळ्यांनी दिसते.

इथल्या चांदण्या म्हणजे यंत्रातल्या चकतीला पाडलेली भोकं, आत दिवा. चकत्या पुसायचं काम अक्काचं. शाळा दुसरीपर्यंत, पण कुठलं भोक कुठल्या चांदणीचं हे बोटांना पाठ. चकतीचा रंग कुठे उडाला की भलत्याच जागी चांदणी उगवायची. मग भावोजी बारीक ब्रशाने काळा ठिपका देऊन ती बुजवत. भावोजी म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नोकरी त्यांनीच लावून दिलेली, आणि ते ऐकवल्याशिवाय त्यांचा दिवस मावळत नसे.

"मी हातही लावलेला नाही, साहेब," भावोजी म्हणाले. "अक्कानं ओलं फडकं फिरवलं असणार, रंग ओघळून भोकात बसला. अडाणी बाई, तिला काय कळतंय."

अक्काने पेला स्टुलावर ठेवला. भावोजींचा ब्रश रोज तीच धुवायची. मास्तर येण्याआधीच्या सोमवारी तो काळ्या रंगाने माखून आला होता. खोट्या चांदणीऐवजी खरीच बुजवली गेली, एवढंच झालं होतं.

संध्याकाळी तिने बहिणीला सांगितलं. बहीण कपड्यांच्या घड्या घालत होती, मान वर केली नाही.

"त्यांची बढती तोंडावर आलीय. एवढं पोटात घाल, अक्का."

अक्काने घातलं. बहिणीचं बरंच काही त्या पोटात आधीच मावलं होतं. हे मात्र जिरलं नाही.

भावोजींनी ठिपका खरवडला. चांदणी परत आली, पाठोपाठ बढतीही. अक्काला यंत्राला हात लावायची बंदी झाली; खुर्च्यांखालचा कचरा आणि भावोजींचा ब्रश धुणं तेवढं तिचं राहिलं. नऊ वर्षं ती दाराशी उभी राहून ऐकायची. भावोजी लोकांना सांगत, ही ठळक तांबडी रोहिणी झुबक्यातली वाटते, पण ती त्यांच्यातली नव्हेच, वाटेत मधेच उभी आहे. ही बारीक पांढरी मात्र घरची. जाणकार माणूस, अक्का मनात म्हणायची.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी तिने एकच मागितलं, ती चकती एकदा पुसू द्या.

"नियम आहे ना, अक्का. मी काय करणार?" म्हणत भावोजींनी नेहमीसारखा ब्रश पुढे केला.

तिने तो नळाखाली धरला. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतला, केसांना बोटांनी टोक काढलं आणि पेल्यात उभा करून ठेवला.