कानडे सरांची शंका आणि ट्रंकेतला ताम्रपट

एखाद्या तहसिलीचा इतिहास लिहायला घ्या. इतिहास जेमतेम वहीभर मिळतो, किस्से मात्र गाडीच्या डिकीत मावत नाहीत!

भोपाळमधल्या एम. पी. नगरच्या आमच्या ऑफिसात दोनच माणसं, मी आणि कानडे सर. सर ग्वाल्हेरचे, इतिहासाचे रिटायर्ड प्रोफेसर आणि भयंकर संशयी. चहावाल्यालासुद्धा विचारतात, "दूध आजचंच ना? पक्कं?" भोपाळपासून दोन तासांवरच्या एका छोट्या तहसिलीतल्या जुन्या वास्तूंवर आम्ही पुस्तक करत होतो.

*

पहिल्याच गावात आम्ही जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, टेप लावून मोजायला लागलो. बघता बघता सगळं गाव पायऱ्यांवर जमलं. कुणी राम राम करेना! त्यांना वाटलं, हायवे निघतोय आणि आता जमिनी जाणार.

मी म्हटलं, "दादा, हम तो इतिहास लिख रहे हैं."

एक म्हातारे हात जोडून पुढे आले. "मैडम, इतिहास चाहिए तो बावड़ी ले जाओ. खेत छोड़ दो!"

*

दुसऱ्या गावात मास्तरांनी शेंदूर फासलेला शिलालेख दाखवला. "राजा का हुक्म है, सर!"

सरांनी पुजाऱ्याची परवानगी घेतली आणि ओल्या फडक्यानं हलकेच शेंदूर पुसला. अक्षरं उमटली : भोपाल, ५२ मील.

मास्तर जराही डगमगले नाहीत. "तो राजा भी भोपाल ही जाता होगा!"

*

भुयार तर प्रत्येक गढीत. एका गढीच्या राखणदाराला सरांनी उलटतपासणीला घेतलं. "आत कोण गेलं होतं? नाव सांगा."

तो शांतपणे म्हणाला, "साहब, जो गया वो लौटा नहीं. जो लौटा वो गया नहीं!"

सरांनी पहिल्यांदाच वाद न घालता ते वहीत लिहून घेतलं.

*

आणि रतनबाई. विधवा, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या ट्रंकेत जुना ताम्रपट होता, पण तीन वेळा आम्हाला दारातूनच परत पाठवलं. "सब लेने आते हैं, पढ़ के कोई नहीं सुनाता."

चौथ्यांदा सर म्हणाले, "फोटोसुद्धा नको. फक्त वाचून दाखवतो." तेव्हा कुठे ट्रंक उघडली.

सर वाचायला बसले. तेवढ्यात गावचे सरपंच आत आले आणि सरांच्या अगदी खांद्याशी उभे राहिले. बाईंनी पदर पुढे ओढला. सर मनातल्या मनात वाचत गेले, जमीन कुणाच्या घराण्याला दिली त्या ओळीवर आले, मग एकदा सरपंचांकडे बघून थांबले.

"घिस गया है, माताजी. कुछ समझ नहीं आता."

मी चाटच पडले. मला बसल्या जागेवरून अक्षरं स्वच्छ दिसत होती!

सरपंच हसून निघून गेले. आम्ही गाडीत बसलो तशा रतनबाई काचेपाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या,

"साहब, झूठ बोलना नहीं आता आपको. कल अकेले आना."