व्यंकटनं केलेला दरवाजा

सोनारीच्या वाटेवरच्या जुन्या गढीत त्या वर्षी पूर्वीच्या काळची लढाई खेळायची ठरली. साखर कारखान्याला दहा वर्षं झाली, त्याचा हा सोहळा. घोडे, तलवारी, तुताऱ्या, सगळा थाट. राजा कोण होणार हे विचारायची सोयच नव्हती. चेअरमन आण्णासाहेब असताना दुसरा कोण होतोय? अडचण एवढीच, की गढीच्या चारी भिंती शाबूत होत्या आणि वेशीला दरवाजाच नव्हता.

तो केला व्यंकटनं. व्यंकट कारखान्यात सुतार. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेला हा माणूस तिथल्या कुदळींना दांडे बसवता बसवता सुतारकी शिकला. कुणी हाताला धरून शिकवलं नाही. वीस दिवस खपून त्यानं बाभळीच्या फळ्यांचा दोन पुरुष उंच दरवाजा उभा केला. त्यातच एक दिंडी ठेवली, म्हणजे एका माणसानं वाकून जावं एवढं बारकं दार. मोठ्या दरवाजाला आतून अडसर असा, की तो कुठं दाबून कुठं उचलायचा हे त्याचं त्यालाच ठाऊक. कमिटीचे उत्तरेश्वर गुरुजी बघून खूश झाले. म्हणाले, "व्यंकटराव, दरवाजा तुमी केलाय, राजासाठी उघडायचा मानबी तुमचाच."

मान म्हटल्यावर व्यंकटनं सगळं घरच गाडीत घातलं. म्हातारी आई विठाबाई, बायको चांगुणा, नऊ वर्षांची सुजाता. पिठलं-भाकरी बांधून आणलेली. वेशीच्या आतल्या बाजूला सावलीत त्यांनी जागा धरली, आणि दरवाजा माझ्या दादांनी केलाय हे सुजातानं शेजारच्या पोरींना सांगूनही टाकलं.

तेवढ्यात गुरुजींनी व्यंकटच्या हातात एक फाटकी घोंगडी आणि घुंगरांची काठी दिली. "हे घ्या. राजे आले की उघडायचं, वाकून हात भुईला लावायचा आन म्हनायचं, जोहार सरकार."

"मी सुतार हाय, गुरुजी."

"अवो, त्या काळी वेशीवर येसकरच असायचा. तुमाला काय शिकवायचं? तुमच्या घरातलंच हाय की."

घरातलंच! काय जीभ असते बघा एकेकाची. ह्याच घरात व्यंकटच्या बापानं छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर असलीच महारकीची काठी चुलीत घातली होती. गावानं बलुत्याची भाकर बंद केली, तरी बाप मागं फिरला नाही. जोहार हा शब्द त्या दिवसापासून घरात कुणाच्या तोंडी आला नाही. सुजाताला तर तो माहीतच नव्हता. आता तो तिनं बापाच्या तोंडून ऐकायचा, तोही माइकवर. व्यंकटचं डोकं सणकलं. वीस दिवस रंधा मारला तेव्हा कुणाला जात दिसली नाही, आणि मान द्यायच्या वेळी बरी आठवली. चेअरमनशी वाकडं घेतलं तर उद्या नोकरी राहील का, हेही मनात आलं. आलं आणि गेलं.

त्यानं घोंगडीची नीट घडी घातली, वर काठी ठेवली, गुरुजींच्या हातात दिली आणि घरच्यांत जाऊन मांडी घालून बसला.

"काय म्हनत व्हता मास्तर?" विठाबाईनं विचारलं.

"काठी धर म्हनत व्हता."

म्हातारीनं फडकं सोडलं आणि पहिली भाकरी लेकाच्या हातावर ठेवली.

बाहेर तुतारी वाजली. माइकवाल्यानं राजांच्या नावाचा गजर केला. आतल्या चार शिपायांनी अडसर ओढला, उचलला, लाथा घातल्या. तो हलला नाही. तुतारी परत वाजली, तिसऱ्यांदा वाजली. घोडा बिथरायला लागला, लोक हसायला लागले. गुरुजी घामाघूम होऊन आले.

"व्यंकटराव, उठा की. अब्रू चाललीय सगळ्यांची."

"माझी मगाशीच काढली की तुमी," व्यंकट म्हणाला. "दिंडी हाय, नुसती कडी काढा. तिथनं या म्हनावं."

दुसरा इलाजच नव्हता. आण्णासाहेब घोड्यावरून उतरले, तलवार काखेत धरली आणि कमरेत दुमडून दिंडीतून आत शिरले. डोक्यावरचा मंदील फळीला अडकून खाली पडला. तो उचलायला ते आणखी वाकले. मान वर केली तर समोर व्यंकट, भाकरीचा घास हातात. दोघांची नजर भिडली. व्यंकट उठला नाही.

"दादा, राजा आपल्याला वाकला का?" सुजातानं विचारलं.

"न्हाय बाळा. दार बारकं हाय म्हनून वाकला."

विठाबाईनं पदरानं डोळे पुसले. म्हणाली, "तुझ्या आज्यानं बघाया पायजे हुतं."